संध्याकाळची हजेरी

गेल्या हिवाळ्यात आमच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा झाली. विषय होता, सरकारी शाळेत प्रार्थना असावी की नसावी. मराठीच्या सरांनी मला न विचारताच माझं नाव देऊन टाकलं होतं. मी वर्गात फारशी बोलत नाही आणि खेड्यातून आलेल्या मुलींनी बोलायला शिकलं पाहिजे, असं त्यांचं मत. त्यांनी विचारलं, कोणती बाजू घेतेस? मी उभी राहिले, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिले आणि शेवटी म्हणाले, सर, मला ठरवता येत नाही. सर म्हणाले की ठरवता आलं नाही तरी एक बाजू धरायची असते, स्पर्धा तशीच असते. दोन दिवस मी कागदावर मुद्दे काढायचा प्रयत्न केला. दोन्ही बाजूंचे मुद्दे मला खरे वाटायचे आणि दोन्हीकडे लिहिताना आमच्या गावच्या शाळेत स्वयंपाक करणाऱ्या गोदामावशीचा चेहरा समोर यायचा. मी नाव मागे घेतलं. माझ्याऐवजी जी मुलगी बोलली तिला दुसरा नंबर मिळाला. ती चांगलीच बोलली होती. पण तेव्हापासून मला वाटतंय की जे मला चार मिनिटांत सांगता आलं नसतं, ते निदान लिहून ठेवावं.

मी तेव्हा सातवीत होते. आमचं गाव वडवणीपासून आत, डांबरी रस्ता संपून कच्चा रस्ता सुरू होतो तिथलं. दिवाळी झाली की गाव निम्मं रिकामं व्हायचं. ऊसतोड टोळीच्या मुकादमाचा ट्रॅक्टर पहाटे वेशीपाशी येऊन उभा राहायचा आणि माणसं, भांडी, कोंबड्या, चुलीसाठीची पत्र्याची डबडी असं सगळं त्यावर चढायचं. माझी आई सिंधू आणि वडील महादेव दोघं एका कोयत्यावर जायचे, म्हणजे वडील तोडायचे आणि आई मोळ्या बांधून डोक्यावरून वाहायची. मी तिसरीपर्यंत त्यांच्याबरोबर फडात गेलेली आहे. तिसरीनंतर शाळेत दोन्ही वेळचं जेवण सुरू झालं आणि आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, सांगितलं की पोरगी राहू द्या, मी हाय. आबांना दिसायचं कमी, पण शेळ्यांच्या आवाजावरून ते सांगायचे की कोणती भुकेली आहे आणि कोणती उगाच ओरडते. आमचं घर पत्र्याचं, एका खोलीचं. आई फडात गेली की त्या खोलीत पहिल्यांदा जाणवायची ती शांतता. आईच्या बांगड्यांचा आवाज भाकरी थापताना एका ठरावीक तालात यायचा, तो बंद झालेला असायचा. आबा रेडिओ लावायचे. रेडिओत खरखर जास्त आणि गाणं कमी, पण ते तो बंद करायचे नाहीत.

शाळेतल्या त्या सोयीला कागदावर हंगामी वसतिगृह म्हणत. वसतिगृह म्हणायचं, पण तिथं कुणी झोपायचं नाही. सकाळ-संध्याकाळ जेवायचं आणि झोपायला आपापल्या घरी, मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाजवळ जायचं. एकतीस मुलं होतो आम्ही. स्वयंपाकाला गोदामावशी. तिनं स्वतः वीस वर्षं ऊस तोडलेला. गुडघे गेले तेव्हा बचत गटाच्या बायांनी तिला हे काम मिळवून दिलं. ती बाजरीची भाकरी अशी थापायची की व्हरांड्याच्या टोकाला बसूनही आम्हाला कितवी भाकरी आहे ते मोजता यायचं. संध्याकाळी बहुतेक पिठलं, कधी शेंगदाण्याची आमटी, कधी वरण-भात, आणि सोमवारच्या बाजारानंतर वांगी. पिठल्याला ती लसणाची फोडणी द्यायची तेव्हा शेजारच्या वस्तीवरची कुत्रीसुद्धा फाटकापाशी येऊन बसायची. आज मी बीडमध्ये मेसचं जेवते. ते वाईट नसतं. पण तिथं कुणाला माहीत नसतं की मला भाकरीचा पापुद्रा आधी सोलून खायला आवडतो. गोदामावशीला एकतीस जणांच्या अशा खोडी माहीत होत्या.

जेवणाआधी ती प्रार्थना घ्यायची. शाळेत सकाळी परिपाठ व्हायचा तो वेगळा. त्यात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, एक सगळ्यांची मिळून प्रार्थना, आणि संविधानाची प्रास्ताविका मी वाचायचे. ते सगळं बाईंच्या समोर चालायचं. संध्याकाळी बाई नसायच्या. दुसरे शिक्षक बदलून गेले होते, बाई एकट्याच, माहेर केजचं आणि राहायला वडवणीत. पाच वाजता त्यांची स्कूटी निघून जायची. त्यानंतर शाळा गोदामावशीची. स्वयंपाकाच्या खोलीच्या भिंतीवर तिनं देवीचा एक फोटो लावला होता. त्याच्यासमोर ती पणती लावायची, आम्ही ताटं घेऊन दोन ओळींत बसायचो आणि हात जोडायचो. मग एकेकानं आपल्या आईबापाचं नाव मोठ्यानं घ्यायचं आणि सगळ्यांनी मिळून म्हणायचं, सुखी ठेव. आईबापाचं नाव मोठ्यानं घ्यायची आम्हाला सवय नव्हती, ते उद्धटपणाचं वाटायचं. पहिल्या आठवड्यात लहान पोरं लाजून हसायची. मग सवय व्हायची. सिंधू-महादेव, सुखी ठेव. लता-विष्णू, सुखी ठेव. हे तिनं कुठून आणलं ते मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, फडात असताना सांजच्याला मी अशीच माझ्या पोरांची नावं घेत होते, आता पोरांनी घ्यावीत. सगळ्यांची नावं झाल्याशिवाय ती पहिली भाकरी ताटात टाकायची नाही.

आम्ही त्यावर पूर्ण विश्वास ठेवायचो. पाचवीतला दत्ता एकदा ताप आला म्हणून दोन दिवस आला नाही, त्याच्या घरच्यांची नावं राहून गेली, आणि त्याच आठवड्यात त्याच्या वडलांच्या पायावर कोयता लागल्याचा फोन आला. आता मला कळतं की ऊस तोडताना कोयता लागतच असतो. तेव्हा आम्हाला एवढंच कळलं की नाव राहू द्यायचं नाही.

शाहीन शेख माझ्या वर्गातली. सातवीत मुली आम्ही दोघीच, एकाच बाकावर. तिचे वडील युसूफचाचा आणि आई रेहानाचाची माझ्या आईवडलांच्याच टोळीत होते. ती तिच्या दादीजवळ राहायची. आधीची तीन वर्षं शाहीननंही सगळ्यांसारखी नावं घेतली होती, हात जोडून, आणि कुणाला त्यात काही वाटलं नव्हतं. पण त्या उन्हाळ्यात जत्रेत गावातल्या काही पोरांनी युसूफचाचांना मध्ये उभं करून देवाचा जयजयकार करायला लावला. चाचा एरवीही जत्रेत यायचे, नारळ द्यायचे, कुस्त्या बघायचे. आपण होऊन त्यांनी जयजयकारही केला असता. करायला लावला म्हणून त्यांचा आवाज बसला. मी तिथंच फुगेवाल्यापाशी होते. दिवाळीनंतर शाळा भरली तेव्हा शाहीन मला म्हणाली की दादीनं फोटोपुढं हात जोडायचे नाहीत म्हणून सांगितलंय.

गोदामावशी तिला काहीच बोलली नाही. शाहीन हात मांडीवर ठेवून बसायची. तिची पाळी आली की मावशी थोडी थांबायची, शाहीन ताटाकडे बघत राहायची, मग मावशी पुढच्या मुलाकडे मान वळवायची. ते थांबणं मला सहन व्हायचं नाही. आमच्या दोघींच्या आया एकाच ट्रॉलीवर बसून कारखान्यावर जायच्या. पाचव्या-सहाव्या दिवशी मी माझी नावं घेतली आणि शाहीनच्या पाळीला तिच्या शेजारून मोठ्यानं म्हणाले, रेहाना-युसूफ. सगळी म्हणाली, सुखी ठेव. गोदामावशीनं माझ्याकडे बघितलं आणि भाकऱ्या वाढायला घेतल्या. जेवण झाल्यावर हौदावर ताट घासताना शाहीन मला म्हणाली, "आश्वे, तू घेतलंस ते मी सांगितलं न्हाई. ध्यानात ठेव." मी हो म्हणाले. तिनं नको असंही म्हटलं नाही. मला वाटलं मी फार चांगलं काम करतेय. खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा गर्वच होता.

मी ते पंधरा-वीस दिवस केलं. मग कुणातरी लहान पोरानं दादीला सांगितलं. सांगण्यात काही वाईट नव्हतं. आश्वीताई तुमच्या युसूफचं बी नाव देवीला सांगती, असं कौतुकानं सांगितलं असणार. दुसऱ्या दिवसापासून शाहीन शाळेतच आली नाही, सकाळीही नाही आणि जेवायलाही नाही. तिसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. दादी ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, खडे तिला दिसायचे नाहीत, ती बोटांनी चाचपून काढायची. आत शाहीन पिशवी भरत होती. दादीनं सांगितलं की सोमवारी मुकादमाची जीप टोळीकडे जाणार आहे, तिच्यात शाहीनला बसवून देणार. मला दोन वेळ चूल होत न्हाई, म्हणाली, आन् तिथं जेवायला ती जाणार न्हाई. जीपमध्ये बसून टोळीवर गेलेलं सातवीचं पोर परत येऊन आठवीला बसलेलं मी आमच्या गावात पाहिलं नव्हतं. मला रडू आलं. मी म्हणाले, दादी, चूक माझी हाय, मी घेतलं नाव, शाहीननं न्हाई.

दादी तांदूळ चाळत राहिली. मग म्हणाली, "मी नमाजात तुझ्या आईचं नाव घेतलं, तर चालंल का तुज्या आबाला?"

मी लगेच म्हणाले, "चालंल की."

तिनं हात थांबवला. "तुला चालंल. तू लहान हाईस. आन् न इचारता घेतलं तर?"

घरी येऊन मी आबांना विचारलं. ते शेळीच्या गळ्यातली दोरी सोडवत होते. दोरी सुटल्यावर म्हणाले, म्हातारीनं इचारलं ते बराबर हाय, आधी इचारावं. एवढंच.

बाईंना हे सगळं तेव्हा कळलं. संध्याकाळची हजेरी त्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंदाजानं भरायच्या, कारण सगळी मुलं रोज असायचीच. शाहीन सकाळी दिसली नाही तरी जेवायला येत असेल असं त्यांनी धरलं, म्हणून तीन दिवस ती संध्याकाळच्या पानावर हजर होती आणि प्रत्यक्षात घरी होती. मी सांगितल्यावर बाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी ते पान बराच वेळ बघितलं. मला वाटलं त्या गोदामावशीवर चिडतील. त्या म्हणाल्या, हे मला माहीत असायला हवं होतं. मग त्यांनी शनिवारी शाळेच्या समितीची बैठक बोलावली. बैठकीत चहाचे पेले द्यायला मी होते, म्हणून मला सगळं ऐकायला मिळालं.

समिती पालकांची. पण त्या महिन्यात पालक गावात कुठं होते? आले ते पाच-सहा जण बागायतदार घरांतले, पुढे नाना. नानांची जमीन तळ्याखाली, माणूस तसा मदतीला येणारा. आबांचं ऑपरेशन करायला त्यांनीच गाडी दिली होती. ते म्हणाले की देवीचा दिवा आजचा न्हाई, आन् एका पोरीसाठी तीस पोरांचा दिवा कावून इझवायचा? त्यांच्या मागे उभा असलेला त्यांचा पुतण्या म्हणाला, उलट आता स्पीकर लावू, सगळ्या गावाला ऐकू जाऊ द्या. एकदोघं हसले. बाईंनी शांतपणे सांगितलं की ही सरकारी शाळा आहे, हिच्यात एका धर्माची पूजा सक्तीनं घेता येत नाही. नाना म्हणाले, सक्ती कुठं हाय? मग सकाळची प्रार्थना बी बंद करा.

"सकाळच्या प्रार्थनेला कुणाचं ताट थांबत नाही, नाना," बाई म्हणाल्या. "संध्याकाळी नाव घेतल्याशिवाय भाकरी पडत नाही." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "इथं बसलेल्यांपैकी कुणाचं मूल इथं जेवतं?"

कुणाचंच जेवत नव्हतं. नानांची नातवंडं व्हॅननं वडवणीच्या इंग्रजी शाळेत जायची. त्यांनी पेला खाली ठेवला. बाईंनी मला विचारलं, आईचा नंबर पाठ आहे का. दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा आईनं उचलला. मागून ट्रॅक्टरचा आवाज आणि कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं. बाईंनी फोनचा आवाज मोठा करून टेबलावर ठेवला आणि काय झालं ते थोडक्यात सांगितलं. आई आधी घाबरली, मला काही झालं की काय म्हणून. मग म्हणाली, "मला ते देवाधर्माचं कळत न्हाई, बाई. पर शेखाची पोर हितं येऊ देऊ नका. हितं आली की मोळी उचलंल, आन् एकदा मोळी उचलली की संपलं." लगेच फोन रेहानाचाचीनं घेतला. ती शेजारीच असणार. तिचा दम लागलेला होता. ती म्हणाली, "दादीला मी बोलते. ती म्हनती ते खोटं न्हाई. पर शाळा सुटू देऊ नका, बाई, हात जोडते." आणि फोन कट झाला. हात जोडते, हे ती बोलून गेली तेव्हा खोलीत कुणी वर बघितलं नाही.

बाईंनी ठरवलं की फोटो आणि पणती शाळेत राहणार नाही, जेवणाआधी एक मिनिट सगळ्यांनी शांत बसायचं, ज्याला जे मनात म्हणायचं ते म्हणावं. नाना उठून गेले. पुढं महिनाभर ते बाईंशी बोलले नाहीत. पण बैठकीच्या कागदावर सही मात्र करून गेले. गोदामावशीला सांगायला बाई स्वतः स्वयंपाकाच्या खोलीत गेल्या. मावशीनं फोटो काढला, पदरानं पुसला, पदरातच गुंडाळला. ती भांडली नाही. म्हणाली, "देवीला मी घरी दिवा लावीन. पर येवढी नावं मी कुठं ठिवू, बाई?"

मला अजूनही वाटतं की त्या दिवशी गोदामावशीवर थोडा अन्याय झाला. तिनं कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. आणि दादीनंही नाही. स्पर्धेत मला ही दोन्ही वाक्यं एका बाजूनं म्हणता आली नसती.

पहिल्या दोन संध्याकाळी आम्ही शांत बसलो. फार वाईट गेलं ते. लहान पोरं एकमेकांना ढोसत हसत होती. दत्तानं हळूच विचारलं की मनात घेतलेलं पोचतं का. गोदामावशी भाकऱ्या थापत राहिली आणि पहिल्यांदाच तिच्या हातून भाकरी करपली. शाहीन अजून आलेली नव्हती. दादीनं तिला जीपमध्ये बसवलं नाही एवढंच, रेहानाचाचीचा फोन आला होता. पण जेवायला पाठवायची तिची तयारी नव्हती.

तिसऱ्या दिवशी बाईंनी मला एक नवी वही दिली. संध्याकाळची हजेरी आता संध्याकाळीच, ताटं वाढायच्या आधी व्हायला हवी होती. अंदाजानं भरलेल्या त्या तीन दिवसांचं बाईंनी मनाला फार लावून घेतलं होतं. गोदामावशीला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिनं नावं पुकारायची आणि मी खूण करायची. बाईंनी मुलांची यादी तिला वाचून दाखवली. मावशीनं ऐकून घेतली. संध्याकाळी ती पिठाचे हात पुसत दारात येऊन उभी राहिली आणि तिनं पुकारलं ते असं, "लता-विष्णूचा?"

मग विष्णूकाकांचा पोरगा म्हणाला, "हाय." ती प्रत्येकाला तसंच पुकारत गेली. ती आम्हाला नेहमी तशीच ओळखायची, आमची शाळेतली नावं तिला नीट येतच नव्हती. मी खुणा करत गेले. माझी पाळी आली तेव्हा सिंधू-महादेवची म्हटल्यावर मला हाय म्हणायला जरा वेळ लागला. दुसऱ्या दिवशी बाईंना मी ते सांगितलं, कारण मला कळत नव्हतं की हे चालतं की नाही. बाईंनी वही बघितली, खुणा मोजल्या. म्हणाल्या, हजेरी बरोबर आहे ना? मी म्हणाले, बरोबर आहे. त्यांनी वहीवर सही केली आणि पुढचं काही विचारलं नाही.

मी हे जाऊन दादीला सांगितलं. या वेळी आधी सांगितलं. दादी म्हणाली, मी येऊन बघते. आणि ती खरंच आली. दिवस मावळायला, शाहीनच्या खांद्यावर हात ठेवून, काठी टेकत, फाटकातून आत. आमच्या ओळी बसलेल्या होत्या. तिनं मान वर करून स्वयंपाकाच्या खोलीची भिंत बघितली, जिथं फोटोच्या जागी आता फक्त खिळा होता. तिला तो दिसला असेल की नाही मला माहीत नाही. शाहीन माझ्या शेजारी येऊन बसली, ताट नव्हतं म्हणून मी माझं पुढं केलं. गोदामावशीनं दादीला बसायला पोतं दिलं. दोघींनी एका काळी एकाच टोळीत ऊस तोडलेला होता.

दादीनं मला विचारलं, "हे देवाचं हाय का?"

मी म्हणाले, "न्हाई दादी. हजेरी हाय. बाई सही करत्यात."

मावशीनं पुकारायला सुरुवात केली. एकेक जण हाय म्हणत गेला. शाहीनची पाळी आली तेव्हा मावशी पूर्वीसारखीच थोडी थांबली. तिनं दादीकडे बघितलं. मग म्हणाली, "रेहाना-युसूफची?"

शाहीन म्हणाली, "हाय." इतक्या हळू की मलाच कसंबसं ऐकू आलं.

दादी पोत्यावरून म्हणाली, "ते काय बोलनं झालं? मोठ्यानं बोल. इतक्या हळू बोलल्यावर कुणाला आयकू जानार?"

शाहीननं माझ्याकडे बघितलं आणि मोठ्यानं, सगळी शाळा वळून बघेल इतक्या मोठ्यानं, हाय म्हणाली. फाटकापाशी बसलेली कुत्री उठून उभी राहिली. मी तिच्या नावापुढं खूण केली. मग मावशीनं पुढचं नाव पुकारलं, आणि त्या दिवशीच्या पानावर गैरहजर कुणीच नव्हतं.